बॅटरीचे पोट आणि मोटारीची भूक



या वेळी धानाच्या खोडकिडीवर लिहायचे ठरवले होते. पण साकोली तालुक्यातल्या एका गावी फेरफटक्याला गेलो आणि कीड राहिली बाजूला, बापलेकाचे भांडण सोडवावे लागले. भांडण होते बॅटरीचे. ते ज्या हिशेबाने सुटले, तो हिशेब आज आपल्या घरोघरी लागणारा आहे. म्हणून खोडकीड पुढच्या खेपेला, आज बॅटरी.

झाले असे. धान निसवायच्या बेतात होता. बांधीत मध्येच गोल गोल भाग जळाल्यासारखे दिसू लागले, म्हणून मला बोलावणे आले. चुडाच्या बुडाशी हात घातला, तर तुडतुड्यांचा थर. म्हटले, "भाऊ, फवारणी आजच्या आज व्हायला पाहिजे."

"कालच सुरू केली होती साहेब," घरधनी म्हणाले. "चार टाक्या मारल्या न् पंप थंडा पडला. पाचवी टाकी तशीच पाठीवर. ह्या पोट्ट्यानं पंपाची बॅटरी खाल्ली!"

पोरगा नववीतला. ओसरीच्या कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. गालावर आदल्या दिवशीची थापड बसलेली, आणि त्याची रिमोटवर चालणारी खेळण्यातली मोटारगाडी वरच्या फळीवर कैद झालेली. दिवाळीनंतरच्या मंडईत मामाने घेऊन दिलेली ती गाडी. गुन्हा एवढाच, की फवारणीच्या आदल्या रात्री वीज गेली होती, तेव्हा त्याने पंपाला मोबाईल चार्ज करायचे जे छिद्र असते, त्यात वायर लावून गाडीची बॅटरी भरून घेतली. बापाने ते पाहिले होते. दुसऱ्या दिवशी पंप मध्येच थांबला, आणि आरोपी आयताच सापडला.

घरधन्यांनी तर नवा पंप आणायचे ठरवूनही टाकले होते. पैसे हातउसने घ्यायचे. घरच्या बाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "काहीतरी सांगा साहेब. कालपासून पोरगं धड जेवलं नाही."

मी म्हटले, "आधी हिशेब मांडू या. शिक्षा मग ठरवू."

कणगी आणि खाणारी तोंडे

बॅटरीवर दोन आकडे छापलेले असतात. पंपाच्या बॅटरीवर होते: १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तास. गाडीच्या चिमुकल्या बॅटरीवर होते: ३.७ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर-तास. एक हजार मिलिअँपिअर म्हणजे एक अँपिअर, तेव्हा ५०० म्हणजे अर्धा.

अँपिअर-तास म्हणजे बॅटरीचे पोट. कणगीत धान किती, ते हा आकडा सांगतो. मोटार चालताना जे अँपिअर ओढते, ती तिची भूक. कणगीत आठ पायल्या धान आहे आणि घरात रोज दोन पायल्या लागतात, तर चार दिवस पुरेल, हे कोणत्याही घरच्या बाईला विचारावे लागत नाही. बॅटरीचेही तेच. पोटाला भुकेने भागा, तास निघतात.

व्होल्ट म्हणजे पाण्याची उंची समजा. बोडीचे पाणी जितक्या उंचावरून खाली येईल, तितका त्याचा जोर. उंची आणि धार यांचा गुणाकार म्हणजे ताकद. तिचे माप वॅट. व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट. विहिरीवरची मोटार आपण अश्वशक्तीत मोजतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. कॉलेजात शेती अवजारांच्या तासाला आम्हाला शिकवले होते, की मध्यम बैल सुमारे अर्धी अश्वशक्ती देतो आणि माणूस जेमतेम एक दशांश.

आणि व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणले, म्हणजे बॅटरीत एकूण किती वीज साठली ते कळते. त्याला वॅट-तास म्हणतात. असे हजार वॅट-तास झाले की आपल्या वीजबिलातला एक युनिट होतो.

आता दोघांची झडती घ्या. पंपाची बॅटरी: १२ गुणिले ८, म्हणजे ९६ वॅट-तास. युनिटचा दहावा हिस्सासुद्धा नाही. गाडीची बॅटरी: ३.७ गुणिले अर्धा, म्हणजे १.८५ वॅट-तास. पन्नास पट लहान!

पोराची वही

मी पोराला विचारले, "तुझी गाडी एका चार्जिंगमध्ये किती वेळ पळते?"

पोरगा उठला आणि दप्तरातून वही घेऊन आला. वहीच्या मागल्या पानावर त्याने लिहून ठेवले होते: ओसरीच्या सिमेंटवर २० मिनिटे, अंगणातल्या मातीत १५ मिनिटे, खळ्यावरच्या तणसात १० मिनिटे.

"हे कशाला लिहिलेस रे?" मी विचारले.

"काका, चार्जिंग तेवढीच, मग वेळ कमी कायले होते, ते पाहून राहिलो होतो."

मला आनंद वाटला. आमच्या संशोधन केंद्रावरही याहून वेगळे काय करतात? एक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि लिहून काढायचे.

त्याच्या वहीतून गाडीची भूक काढू. २० मिनिटे म्हणजे तासाचा तिसरा हिस्सा. अर्धा अँपिअर-तास तिसऱ्या हिश्श्यात संपला, म्हणजे गाडी दीड अँपिअर ओढत होती. मातीत १५ मिनिटे, म्हणजे दोन अँपिअर. तणसात १० मिनिटे, म्हणजे तीन अँपिअर. बॅटरी तीच, मोटार तीच. पण चाके रुतली की भूक दुप्पट झाली. चिखलणीत बैल लवकर थकतो आणि सडकेवर गाडी ओढताना थकत नाही, त्यातलीच ही गत. दीड अँपिअर गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे साडेपाच वॅट. एवढ्याशा ताकदीवर ती ओसरीभर धावते.

त्यातही रिमोटचा वाटा अगदी किरकोळ. हवेतून हुकूम पाठवायला वीज फार लागत नाही. आपले जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात भिंतीपलीकडून बिनतारी लहरींनी घंटा वाजवून दाखवली. तीनच वर्षांनी, १८९८ साली, निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात बॅटरीवरची छोटी नाव बिनतारी हुकुमावर चालवली. आजच्या सगळ्या रिमोटच्या गाड्यांची ती पणजी म्हणा. तेव्हाही आणि आताही हुकूम स्वस्त, चाल महाग. बॅटरी खाते ती मोटार.

सहा मिनिटांचा आरोपी

आता खटल्याकडे. गाडीत १.८५ वॅट-तास भरायचे, तर वायरीत आणि चार्जिंगच्या भागात थोडी वीज गरम होऊन वाया जाते. सढळ हाताने धरू, की पंपाच्या बॅटरीतून तीन वॅट-तास गेले.

पंपाच्या मोटारीवर लिहिले होते: १२ व्होल्ट, २.५ अँपिअर. म्हणजे ३० वॅट. ३० वॅटची मोटार तीन वॅट-तासात किती चालेल? तासाचा दहावा भाग, म्हणजे सहा मिनिटे.

"भाऊ," मी म्हटले, "तुमच्या पोराने सहा मिनिटांची फवारणी खाल्ली. अर्धी टाकी समजा. बाकीची कोणी खाल्ली?"

घरधनी गप्प झाले.

आता पंपाने खरे किती चालायला हवे ते पाहू. ८ अँपिअर-तासाला २.५ ने भागले, तर ३ तास १२ मिनिटे येतात. पण हा कागदावरचा हिशेब. शिशाच्या बॅटरीवर छापलेला आकडा ती वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर मिळतो. भराभर ओढली तर ती तेवढे देत नाही. शिवाय ती तळापर्यंत खरवडू नये. म्हणून पंपासाठी रुपयातले बारा आणे धरावेत, म्हणजे ८ च्या ठिकाणी ६. सहाला अडीचने भागा: २ तास २४ मिनिटे, म्हणजे १४४ मिनिटे.

त्यांची १६ लिटरची टाकी रिकामी व्हायला १२ मिनिटे लागत होती. १४४ भागिले १२, म्हणजे बारा टाक्या. एकराला दोनशे लिटर पाणी धरले, तर साडेबारा टाक्या लागतात. म्हणजे चांगली बॅटरी एका चार्जिंगमध्ये जवळजवळ एक एकर काढते. यांची चार टाक्यांतच आडवी झाली होती. गाडीची अर्धी टाकी मिळवली तरी साडेचारच. आणखी साडेसात टाक्या कुठे गेल्या?

घड्याळ लावून तपासणी

मी घरधन्यांना म्हटले, "आजच्यापुरता शेजाऱ्यांचा पंप मागून आणा आणि फवारणी उरकून घ्या. तुमचा पंप रात्रभर चार्जिंगला लावा. गाडीला हात लावू देऊ नका. उद्या सकाळी मी येतो."

दुसऱ्या दिवशी टाकीत साधे पाणी भरले. नेहमीचे नोझल, नेहमीचा दाब. पोराच्या हाती घड्याळ दिले. पाणी संपले की भरायचे आणि चालू ठेवायचे. धार मंद पडली, तेव्हा पोराने सांगितले, "चौपन्न मिनिटे."

५४ भागिले १२, बरोबर साडेचार टाक्या. गाडी न जोडताही साडेचारच! १४४ मिनिटांच्या जागी ५४. रुपयात मांडले, तर बॅटरी सहा आण्यांची उरली होती. दहा आणे कधीच गेले होते.

"पण साहेब," घरधनी म्हणाले, "चार्जरवर तर हिरवा दिवा लागला होता. पंपावरचा आकडाही बारा दाखवत होता."

इथेच बहुतेकांची फसगत होते. आपला भंडारा जिल्हा तलावांचा. गाळाने भरलेला जुना मालगुजारी तलाव पावसाळ्यात काठोकाठ दिसतो. पातळी पुरी, सांडव्यावरून पाणीही वाहते. पण दोन पाळ्या दिल्या की तळ उघडा. पातळी भरलेली होती हे खरे. पोटात गाळ होता. व्होल्ट म्हणजे पातळी. ती पाहून पोट कळत नाही. पोट कळते ते पाणी सोडून, घड्याळ लावून.

बॅटरीत गाळ कसा साचला, तेही निघाले. मागच्या हंगामानंतर पंप जो माळ्यावर टाकला, तो थेट रोवणी झाल्यावर खाली काढला. सात-आठ महिने बॅटरीला चार्जिंग नाही. शिशाची बॅटरी नुसती पडून राहिली तरी आतल्या आत उतरत जाते, आणि उतरलेल्या स्थितीत राहिली की तिच्या पट्ट्यांवर गंधकाचे खडे जमतात. ते जुने झाले की विरघळत नाहीत. तेवढी जागा कायमची बाद.

मी घरधन्यांना एवढेच म्हटले, "सहा मिनिटे पोराकडे, दीड तास माळ्याकडे."

ते हसले नाहीत. उठले, फळीवरची गाडी काढली आणि पोरासमोर ठेवली. काही बोलले नाहीत. पोराने ती लगेच चालवली नाही. मांडीवर घेऊन बसला. आतून बाईंनी ताट आणले.

पैसा वाचला, पीकही

नवा पंप घ्यायची गरज नव्हती. पंपाची मोटार धडधाकट होती. बदलायची होती फक्त बॅटरी. तिचा खर्च पंपापुढे थोडा.

आणि एक गोष्ट पैशाहून मोठी. बॅटरी मंदावते तेव्हा पंप एकदम थांबत नाही. आधी धार कमजोर होते. तुडतुडे बसतात चुडाच्या बुडाशी, पाण्याच्या वर. कमजोर धार पानावरच राहते. वरून पीक ओले दिसते, खाली कीड जिवंत. मग आपण औषधाला दोष देतो, दुकानदाराशी भांडतो आणि जादा मात्रा घालतो. पंप मध्येच थांबला, की औषध भरलेली टाकी पाठीवरून उतरवायची, ओल्या हाताने वायरी हलवायच्या, नोझल तोंडाने फुंकायचे, हे सगळे सुरू होते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कितीतरी घरांतली कर्ती माणसे गेली, ते विसरू नका. नोझल तोंडाने कधीही फुंकू नये. टाक्यांचा हिशेब आधीच माहीत असेल, तर मध्येच थांबायची पाळी येत नाही.

तुमच्या घरी एवढे करा

पहिले: हंगामाच्या तोंडावर पंप पूर्ण चार्ज करून साध्या पाण्याने चालवा आणि धार मंदावेपर्यंतची मिनिटे लिहून ठेवा. पुढे ओढू नका. दर हंगामात हीच चाचणी, तेच नोझल, तोच दाब. नोझल बारीक केले की दाब वाढतो आणि मोटार जास्त ओढते, म्हणून ते बदलू नका. मिनिटे निम्म्यावर आली, तर नव्या बॅटरीची तयारी ठेवा.

दुसरे: फवारणी झाली की त्याच दिवशी चार्ज करा, उद्यावर टाकू नका. हंगाम नसताना महिन्या-दीड महिन्यातून एकदा चार्जिंग द्या. अमावास्येला देण्याची सवय लावली तर चुकणार नाही.

तिसरे: चार्जिंगला वेळ किती? बॅटरीच्या अँपिअर-तासाला चार्जरच्या अँपिअरने भागा आणि त्यात चौथा हिस्सा मिळवा. ८ ची बॅटरी, १.७ चा चार्जर: सुमारे पावणेपाच तास, अधिक सव्वा तास, म्हणजे सहा तास. वीज चार तासच येत असेल, तर बॅटरी अर्धपोटी राहील हे धरून टाक्या मोजा.

चौथे: नवी बॅटरी घेताना व्होल्ट तेवढेच घ्या. व्होल्ट वाढवले तर मोटार जोरात पळेल आणि जळेल. वेळ वाढवायचा तर अँपिअर-तास वाढवा. पण वजनही वाढते हे ध्यानात ठेवा. लिथियमची बॅटरी हलकी असते. तिला लिथियमचाच चार्जर लावा. शिशाचा जुना चार्जर तिला चालत नाही.

पाचवे, मुलांसाठी: खेळण्याची लिथियम बॅटरी फुगली तर ती पुन्हा चार्ज करू नका. चार्जिंग नेहमी उघड्या फरशीवर, कोणी जागे असताना करा. तणसाच्या ढिगाजवळ किंवा अंथरुणावर कधीही नको.

पोराचा शेवटचा प्रश्न

निघताना पोराने विचारले, "काका, पंपाची बॅटरी गाडीला लावली तर गाडी दिवसभर पळेल का?"

म्हटले, "हिशेब तूच कर. तुझ्या मोटारीला लागतात ३.७ व्होल्ट आणि तू देणार १२. ती क्षणात जळेल. शिवाय ही बॅटरी भरते दोन-अडीच किलो. तुझी गाडी हलेल का? माल वाढला की बैलाचा चाराही वाढतो."

मग त्याला ड्रोनची गोष्ट सांगितली. आता आपल्याकडेही फवारणीचे ड्रोन दिसू लागले आहेत. २०२३ पासून महिला बचत गटांना ड्रोन देण्याची केंद्र सरकारची योजनाही आहे. ड्रोन म्हणजे रिमोटच्या गाडीचाच थोरला भाऊ. समजा, दहा लिटरच्या ड्रोनची बॅटरी ४४.४ व्होल्ट, १६ अँपिअर-तासांची आहे. गुणाकार करा: सुमारे ७१० वॅट-तास, पंपाच्या बॅटरीच्या सातपट. पण तो उडाला केवळ १२ मिनिटे, तर ताकद किती लागली? १२ मिनिटे म्हणजे तासाचा पाचवा हिस्सा. ७१० ला पाचने गुणा: ३,५५० वॅट, म्हणजे पावणेपाच अश्वशक्ती! विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या मोटारीएवढी भूक ती नुसते हवेत राहायला लागते. म्हणून ड्रोनवाला येताना बॅटऱ्यांचा संचच घेऊन येतो. उद्या कोणी तुम्हाला सांगितले, की एका बॅटरीत ड्रोन दिवसभर चालतो, तर हा गुणाकार त्याच्यापुढे मांडा.

त्या घरी आता नवी बॅटरी आली आहे. पंपाची वही पोराकडे सोपवली आहे. चार्जिंगची तारीख, टाक्या आणि मिनिटे तो लिहितो. वीज गेली तर गाडी पंपावर चार्ज करायची मुभा आहे. अट एकच: वहीत सहा मिनिटे वजा दाखवायची.

तुमच्या पंपाच्या टाक्या किती येतात, ते मोजून पाहा. पुढच्या खेपेला खोडकीड.